चाकांच्या खुर्चीतील खेळाडू : पॅट्रिक अँडरसन

दुसरे महायुद्ध संपले तेव्हा अमेरिकेत सैनिकांच्या इस्पितळांतून पाय निकामी झालेले कितीतरी तरुण पडून होते. त्यांतल्या काहींनी चाकांच्या खुर्चीत बसून बास्केटबॉल खेळावयास आरंभ केला. तेथून हा खेळ निघाला आणि १९६० साली रोम येथे अपंगांचे ऑलिंपिक, म्हणजे पॅरालिम्पिक, प्रथमच भरले, त्यात तो होता. बसून खेळायचा म्हणून काही सवलत असेल असे कोणास वाटेल. तसे नाही. मैदान तेवढेच आणि जाळीचे कडेही दहा फूट उंचीवरच! चाकांना दोन हात मारले की तिसऱ्याच्या आत चेंडू आपटावा लागतो, नाहीतर चूक धरतात.

ह्या खेळातील सर्वश्रेष्ठ म्हणून ज्याचे नाव पुष्कळ जण घेतात तो पॅट्रिक अँडरसन कॅनडाचा. जन्म १९७९ चा. १९८९ साली, अवघ्या नऊ वर्षांचा असताना, दारू पिऊन मोटार हाकणाऱ्या एका माणसाने त्याला उडवले आणि गुडघ्यांखाली दोन्ही पाय गेले. त्या वेळी त्याच्या आईचे काय झाले असेल, ते मी लिहीत बसत नाही. पुढच्याच वर्षी मुलगा चाकांच्या खुर्चीत बसून बास्केटबॉल खेळू लागला, हे मात्र लिहिलेच पाहिजे. आपल्याकडे अशा मुलाला जपता जपता घराबाहेर काढायचेच राहून जाते.

पुढे अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात तो खेळला, जर्मनीतील संघातूनही खेळला. २००० साली सिडनीला आणि २००४ साली अथेन्सला कॅनडाने सुवर्णपदक मिळवले, दोन्ही वेळा तो संघात होता. २००८ साली बीजिंगला अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाने हरवले. मग त्याने खेळ बाजूला ठेवला आणि न्यूयॉर्कला जाऊन चक्क संगीत शिकू लागला!

आता ह्या खेळातील एक गंमत सांगते. प्रत्येक खेळाडूला त्याच्या शरीराची हालचाल पाहून एक ते साडेचार अंक देतात. ज्याला कमरेवरही ताबा नाही त्याला एक, ज्याचा तोल उत्तम त्याला साडेचार. मैदानावरील पाचांची बेरीज चौदाच्या वर जाता कामा नये. अँडरसन साडेचारांचा. म्हणजे उरलेल्या चौघांच्या वाट्याला साडेनऊच. जास्त अपंग असलेले गडी घ्यावेच लागतात, आणि तेच आपली खुर्ची प्रतिस्पर्ध्याच्या आड घालून ह्याला वाट करून देतात. मोदक वळणारीचे कौतुक होते, नारळ खवून देणारीला कोण विचारतो? पण येथे खवणारीवाचून मोदकच होत नाही.

तो परतला आणि २०१२ साली लंडनला ऑस्ट्रेलियाशीच अंतिम सामना पडला. कॅनडाने ६४ विरुद्ध ५८ असा जिंकला. त्या ६४ पैकी ३४ गुण एकट्या अँडरसनचे! निम्म्याहून अधिक. एका चाकावर खुर्ची तिरकी उचलून उंची मिळवायची, ही त्याची करामत प्रसिद्ध आहे.

त्यानंतर तो पुन्हा थांबला. २०१६ साली रिओला कॅनडाचा संघ त्याच्याशिवाय गेला आणि अकरावा आला. तेव्हा सारे काही ह्या एकाच माणसावर चालले होते, असे कोणी म्हणेल. परंतु टोकियोचे सामने २०२१ साली झाले, तेव्हा तो परत आला होता, तरी संघ आठव्या क्रमांकावर राहिला. चौदाच्या बेरजेतले बाकीचे अंकही पक्के लागतात, असे मला वाटते.

२०२४ साली पॅरिसला तो सहाव्यांदा पॅरालिम्पिक खेळला. वय पंचेचाळीस, म्हणजे आपल्या मंडळातील पुष्कळजणींच्या बरोबरीचा. ह्या वयात आम्ही जिना चढताना कठड्याला हात लावतो! आरंभीच्या संचलनात कॅनडाचा ध्वज एका भगिनी-खेळाडूबरोबर त्यानेच धरला होता. कांस्यपदकाच्या सामन्यात जर्मनीने त्यांना हरवले आणि कॅनडाला चौथ्या क्रमांकावर समाधान मानावे लागले.