जपानी बेंजोची ठाणे-कल्याणातील कारकीर्द



भाद्रपदात डोंबिवलीच्या रस्त्याने विसर्जनाची मिरवणूक निघाली म्हणजे आमच्यासारखी मंडळी खिडक्या लावून घेतात. ढोल-ताशा एक वेळ सहन होतो. पण त्यावर स्वार होऊन येणारा तो तारेचा तीक्ष्ण, किंचित नाकातला स्वर काचा भेदून घरात शिरतो. हा स्वर बेंजोचा. उपद्रव म्हणून त्याची तक्रार आपण पुष्कळ केली. त्याच्या जन्माची व कुळाची चौकशी मात्र क्वचितच केली. ती आज करावयाची आहे.

प्रथम हे सांगितले पाहिजे की, हा बेंजो बेंजोच नव्हे. खरा बेंजो अमेरिकेतील. आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या लोकांनी तो तिकडे घडविला; त्याचे तोंड डफासारखे मढविलेले असते. आपल्याकडे ते नाव चिकटले आहे एका लांबट लाकडी पेटीला, आणि ती पेटी आहे जपानची. इ. स. १९१२ मध्ये, सम्राट ताइशो गादीवर आला त्याच वर्षी, नागोया शहरातील मोरिता गोरो या वादकाने ती तयार केली. जपानात दोन तारांचे एक जुने वाद्य होते. त्यावर मोरिताने टाइपरायटरच्या धर्तीची बटणे बसविली आणि नव्या राजवटीच्या नावावरून वाद्याला ताइशोगोतो म्हणू लागले. कचेरीतील यंत्र आणि दिवाणखान्यातील वीणा यांचा असा विवाह दुसरा कोठे झाला असेल असे मला वाटत नाही.

रचना साधीच आहे. डाव्या हाताने बटण दाबले की खालची धातूची पट्टी तारांवर टेकते आणि स्वराची जागा ठरते. उजव्या हातातील नखीने तारा छेडावयाच्या. सुराच्या तारा दोन-तीन किंवा अधिक, सर्व एकाच स्वरात जुळविलेल्या. बाजूस झंकारासाठी आणखी काही. छेडलेला नाद लवकर विरतो, म्हणून स्वर लांबवावयाचा तर नखी सारखी थरथरत ठेवावी लागते. ऐकणाऱ्याला जी अधीरता जाणवते ती या थरथरीतून येते. पट्ट्यांच्या जागा कायमच्या ठरलेल्या असल्यामुळे मींड जवळजवळ अशक्य. हा दोष लक्षात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

मुंबई बंदराशी जपानचा संबंध तोवर जुना झाला होता. जमशेटजी टाटांच्या सहकार्याने निप्पॉन युसेन काइशा या कंपनीने १८९३ साली कोबे ते मुंबई अशी आगबोट सुरू केली होती. आपला कापूस तिकडे जाई. पुढे १९१४ च्या महायुद्धात युरोपचा माल अडला, तेव्हा जपानी काड्यापेट्या, खेळणी व किरकोळ चिजा आपल्या बाजारात भरभरून आल्या. ही पेटीही याच वाटेने आली असावी. येथे तिला नाव मिळाले बुलबुलतरंग. नाव गोड आहे, आणि त्या काळी वाद्यही गोडच होते.

कारण तिची पहिली कारकीर्द आपल्याच घरांतील आहे. आमच्या डोंबिवलीच्या बिऱ्हाडात कपाटावर एक बुलबुलतरंग होता. बटणांवर आकडे छापलेले. आकड्यांच्या पुस्तिकेवरून कोणीही अर्ध्या तासात एखादे पद वाजवावे. गुरू नको, रियाज नको, आणि स्वर इतका नाजूक की शेजारच्या खोलीत अभ्यास करणाऱ्यासही अडथळा होऊ नये. अशा वाद्याचे जे व्हावयाचे तेच झाले. मुले मोठी झाली, तारा गंजल्या, पेटी माळ्यावर गेली.

दुसरी कारकीर्द रस्त्यावरची, आणि ती समजण्यास या भागाचा इतिहास पाहिला पाहिजे. १८५३ साली आगगाडी ठाण्यास आली, १८५४ साली कल्याणास. तिच्या पाठोपाठ गिरण्या व कारखाने आले. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यावर वागळे इस्टेट आणि डोंबिवलीची औद्योगिक वसाहत भरास आली. खाडीकाठचे आगरी-कोळी जुने रहिवासी. त्यांच्या शेजारी कोकणातून व घाटावरून आलेला कामगार राहू लागला. आगऱ्यांच्या लग्नात धवलारीण धवले गाई, ती परंपरा होतीच. पण हळदीच्या रात्री नाचावयास आता सगळी आळी लोटू लागली. तेथे बुलबुलाचा नाजूक कंठ काय पुरणार?

तेव्हा वादकांनी एक युक्ती केली. तारा पोलादी होत्याच. त्यांच्याखाली विद्युत् गिटारीप्रमाणे चुंबकाचे पिकअप बसविले, तार ध्वनिवर्धकाला जोडली, आणि भोंगे हातगाडीवर चढविले. दिवाणखान्यातील पेटीला कारखान्याचा आवाज फुटला. बेंजो पार्टीत गाणारा नसला तरी चालते. गाण्याचे शब्द लोकांना पाठ असतात, चाल बेंजो सांगतो. हे काम हलके समजू नये. चालत्या गाडीबरोबर, ताशाच्या कल्लोळात, आयत्या वेळी मागितलेली चाल न चुकता उचलणे हे आकड्यांच्या पुस्तिकेने साधत नाही. पुढे त्याच्या जोडीस ऑक्टापॅड आला. तोही मूळचा जपानचाच; रोलंड कंपनीने १९८५ साली तो बाजारात आणला.

मग प्रतिष्ठा का नाही? वाद्य परके, बटणांचे, मींड नसलेले, हे आक्षेप खरे आहेत. पण हेच आक्षेप हार्मोनियमवरही होते. त्यांपायी आकाशवाणीने १९४० साली ती पेटी बाहेर काढली आणि १९७१ नंतरच तिला हळूहळू आत घेतले. या ध्वनिक्षेपकापुढे बसून हे सांगताना थोडे हसू येते. हार्मोनियमच्या बाजूने बोलावयास गोविंदराव टेंब्यांसारखे दिग्गज वादक होते, नाटकमंडळ्या होत्या, तुमच्या-आमच्या घरांतील माणसे होती. बेंजोच्या बाजूने कोण? दिवसा यंत्रावर उभा राहून सणासुदीला वाजविणारा कामगार. दोष वाद्यातच असता तर तो सर्वत्र सारखा दिसला असता. हीच पेटी कराची व मकरानच्या बलुच वादकांनी उचलली, मोठी केली, आणि बेंजू या नावाने ती त्यांच्या संगीतातले मानाचे वाद्य होऊन बसली.

आवाजाची तक्रार मात्र मी मागे घेत नाही. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांनी उच्च न्यायालयात जाऊन ती तडीस नेली, आणि ऑगस्ट २०१६ मध्ये न्यायालयाने ध्वनिप्रदूषणाच्या नियमांची कडक अंमलबजावणी करण्याचे आदेश दिले. रहिवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी आहे. आजारी माणसाच्या उशाशी बसलेल्यास या आकड्यांचे मोल सांगावे लागत नाही. योगायोग असा की, त्याच वर्षी सप्टेंबरात डोंबिवलीत वाढलेले दिग्दर्शक रवी जाधव यांचा ‘बॅन्जो’ हा हिंदी चित्रपट झळकला. न्यायालयात गोंगाटाचा निकाल लागला आणि पुढच्याच महिन्यात तो वाजविणारा पडद्यावर नायक झाला.

परंतु बेंजोवाल्याची खरी गाठ पडली ती डी. जे. शी. ठाण्याची रेमंडची लोकरी गिरणी आणि मोहन्याचा एन. आर. सी. कारखाना २००९ साली बंद पडले. ज्या पगारांवर पार्ट्या उभ्या राहात त्यांतले बरेच गेले. डी. जे. ला आठ-दहा वादक पोसावे लागत नाहीत. एक माणूस आणि भिंतीएवढे भोंगे पुरतात. खिडकी लावून घेणाऱ्यास दोन्ही सारखेच, असे मीही पूर्वी म्हणत असे. हल्ली म्हणत नाही. एकीकडे माणसाचा हात आहे, तो थकतो, चुकतो, नाचणाऱ्याकडे पाहून लय बदलतो.

आमच्या माळ्यावरची पेटी दोन वर्षांपूर्वी खालच्या आळीतील एका बेंजोवाल्याने मागून नेली. तीन बटणे चिकटली होती, ती त्याने सोडविली. तारा नव्या घातल्या. पिकअप मात्र बसविला नाही. त्याची मुलगी शिकते आहे, आणि घरात तेवढा आवाज पुरतो, असे तो म्हणाला.