सफारी-मार्गदर्शनाचा व्यवसाय आणि स्त्रिया

स्वाहिली भाषेतील ‘सफारी’ आणि मराठीतील ‘सफर’ हे दोन्ही शब्द एकाच अरबी मुळापासून आलेले आहेत. त्यांचा मूळ अर्थ प्रवास एवढाच होय. पूर्व आफ्रिकेत या शब्दाला शिकारीचा, आणि शिकारीबरोबर पौरुषाचा, अर्थ चिकटला तो युरोपीय सत्तांच्या वसाहतकाळात. सफारीच्या मार्गदर्शनात स्त्रिया अगदी अलीकडे आल्या, असे सामान्यतः मानले जाते. हे मत अंशतःच खरे आहे.

१८९१ मध्ये मे फ्रेंच शेल्डन या अमेरिकन स्त्रीने शंभराहून अधिक हमालांचा तांडा स्वतःच्या नेतृत्वाखाली मोंबासाहून किलिमांजारोच्या परिसरात नेला. तिच्यासाठी ‘बीबी ब्वाना’ असे संबोधन रूढ झाले. ‘ब्वाना’ म्हणजे मालक, धनी. स्त्रीच्या हाती असलेला अधिकार सांगण्यासाठी पुरुषवाचक शब्दाचाच आधार घ्यावा लागला, ही गोष्ट लक्षणीय आहे. १८९२ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने तिला सदस्यत्व दिले. परंतु बावीस स्त्रियांची निवड झाल्यावर संस्थेने स्त्रियांना दार बंद केले, ते १९१३ पर्यंत उघडले नाही. म्हणजे अभाव कर्तृत्वाचा नव्हता, मान्यतेचा होता.

विसाव्या शतकात ही मान्यता अधिक औपचारिक बनली. थिओडोर रूझवेल्टच्या १९०९ मधील सफारीने या व्यवसायास जगभर प्रसिद्धी मिळवून दिली, आणि १९३४ मध्ये नैरोबी येथे व्यावसायिक शिकाऱ्यांची संघटना स्थापन झाली. बंदूक, परवाना आणि गोरा वर्ण ही मार्गदर्शकाची लक्षणे ठरली. माग काढणाऱ्या आफ्रिकन जाणकारांच्या ज्ञानावर सारा व्यवसाय उभा असूनही त्यांची गणना नोकरांतच होत राहिली. याच काळात बेरिल मार्कहॅम ही विमानातून हत्तींचे कळप हेरून शिकाऱ्यांना त्यांचा ठावठिकाणा कळवीत असे. वाट दाखविण्याचेच हे काम होय. तथापि तिची ख्याती वैमानिक म्हणून झाली, मार्गदर्शक म्हणून नव्हे.

१९७७ मध्ये केनियाने शिकारीवर बंदी घातली आणि नैरोबीची उपर्युक्त संघटनाही विसर्जित झाली. बंदुकीची जागा कॅमेऱ्याने घेतल्यावर स्त्रियांचा प्रवेश सुकर व्हावा, अशी अपेक्षा स्वाभाविक होती. प्रत्यक्षात तसे घडले नाही. पर्यटकनिवासांत स्त्रियांच्या वाट्याला स्वयंपाक, साफसफाई आणि स्वागतकक्ष ही कामे आली. गाडीचे चाक व रानाची वाट पुरुषांकडेच राहिली. बंदूक हे अडथळ्याचे निमित्त होते, कारण नव्हते, हे यावरून स्पष्ट होते.

या दृष्टीने बोट्स्वानातील चोबे राष्ट्रीय उद्यानाचे उदाहरण उद्‌बोधक आहे. तेथील चोबे गेम लॉजमध्ये २००४ मध्ये स्त्री-मार्गदर्शकांची नेमणूक होऊ लागली आणि पुढे सर्व पथकच स्थानिक स्त्रियांचे झाले. येथे दुहेरी बंधन तुटले: स्त्रीत्वाचे आणि वर्णाचेही. ज्यांच्या समाजाचे ज्ञान पूर्वी नोकराचे ज्ञान मानले जाई, त्याच समाजातील स्त्रिया आता परवानाधारक तज्ज्ञ म्हणून पर्यटकांपुढे उभ्या राहिल्या.

तथापि या यशाची जी प्रशंसा झाली, तिचीही चिकित्सा आवश्यक आहे. स्त्रिया गाडी जपून चालवितात, इंधन कमी खर्च करतात, अशी कारणे या प्रयोगाच्या समर्थनार्थ पुढे केली गेली. स्त्रीला प्रवेश मिळाला तो तिच्या काटकसरीच्या गुणावर, असा याचा अर्थ निघतो. हत्तीच्या कानांची हालचाल पाहून त्याचा कल ओळखणे, धुळीतल्या ठशावरून सिंह केव्हा गेला हे सांगणे, ही मार्गदर्शकाची खरी विद्या होय. पुरुष-मार्गदर्शकाचे मोल त्याने वाचविलेल्या इंधनावरून कोणी ठरविले नाही. स्त्रीचेही मोल केवळ त्या विद्येवरून ठरू लागेल, तेव्हाच १८९१ मध्ये ‘ब्वाना’ या शब्दाने सूचित केलेला प्रश्न खऱ्या अर्थाने निकालात निघेल.