पुस्तकाबरोबर चेंडू

दिवाळीच्या बाजारात मुलाचा हात धरून पुस्तकांच्या दुकानाशी उभे राहिले, की बापाची नजर बोधाच्या पुस्तकावर असते आणि चिरंजीवांची शेजारच्या चेंडूवर. ही ओढाताण बरोबर हेरून तिच्यावर आपला संसार उभा करणारा एक पुस्तकविक्रेता अडीचशेहून अधिक वर्षांपूर्वी लंडनात होऊन गेला. त्याचे नाव जॉन न्यूबेरी. लंडन मी पाहिलेले नाही. परंतु त्याच्या दुकानात मनाने मी कितीदा तरी जाऊन आलो आहे.

न्यूबेरीचा जन्म १७१३ चा, एका शेतकऱ्याच्या घरचा. रेडिंग गावी तो एका छापखान्यात कामाला लागला, मालक वारल्यावर त्याच्याच विधवेशी लग्न केले, आणि पुढे लंडन गाठले. १७४४ साली त्याने मुलांसाठी एक चिमुकले, खिशात मावणारे पुस्तक काढले. मुलांची पुस्तके काढणारा तो काही पहिला नव्हे. पण किंमत पाहा. नुसते पुस्तक सहा पेन्स. आणि आठ पेन्स दिले तर मुलाला सोबत चेंडू, मुलीला टाचण्या खोचायची उशी! (मुलीच्या हाती खेळातही शिवणकामच, हे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल.)

चेंडूची एक बाजू लाल, दुसरी काळी. चांगले काम केले की लाल बाजूला एक टाचणी खोचायची, वाईट केले की काळ्या. दहाही टाचण्या लाल बाजूला आल्या तर एक पेनी बक्षीस, काळ्या बाजूला गेल्या तर छडी. हा करार मुलाशी करतो कोण, तर गोष्टीतला राक्षस मारणारा जॅक! त्याचे पत्रच पुस्तकात छापलेले आहे. पुस्तकात एकेका अक्षरासाठी एकेक खेळ, त्याचे चित्र आणि खाली बोध. ‘बेसबॉल’ हा शब्द छापील स्वरूपात प्रथम आढळतो तो याच पुस्तकात. मुलाला खेळवत शिकवावे, हे तत्त्वज्ञ लॉकने १६९३ सालीच सांगून ठेवले होते. न्यूबेरीने त्या तत्त्वाला किंमतीची चिठ्ठी लावली.

पुढच्याच वर्षी त्याने सेंट पॉलच्या देवळाच्या आवारात ‘बायबल आणि सूर्य’ अशा पाटीचे दुकान थाटले. तिथल्या पुस्तकांना सोनेरी वेलबुट्टीच्या कागदाची वेष्टने असत. या कागदाला सगळे ‘डच’ म्हणत, बनत असे तो बहुतेक जर्मनीत! चांगल्या मुलांना पुस्तक फुकट, फक्त बांधणीचे दोन पेन्स द्यावेत, अशी जाहिरातही या गृहस्थाने केली. आता बांधणीवाचून पुस्तक घरी न्यायचे कसे, हे त्यालाच ठाऊक!

आणि याच दुकानात पुस्तकांशेजारी डॉक्टर जेम्सची तापावरची पूड विकायला असे.

१७६५ मध्ये त्याने ‘गुडी टू-शूज’ची गोष्ट प्रसिद्ध केली. एकच बूट असलेली पोरकी मार्जरी; तिला जोडी मिळते तेव्हा ती आनंदाने ‘दोन बूट, दोन बूट’ करीत गावभर दाखवीत सुटते. पुढे ती स्वतः अक्षरे शिकते, लाकडाची अक्षरे कोरून घरोघरच्या मुलांना शिकवते आणि शेवटी शाळेची बाई होते. मास्तराला ही गोष्ट न आवडून कसे चालेल? मी ती एकदा पाचवीच्या वर्गात सांगितली. मार्जरीचा बाप तापाने वारला, कारण त्या गावी डॉक्टर जेम्सची पूड मिळत नव्हती, हे वाक्य मूळ गोष्टीतलेच. त्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी काकुळतीने म्हणाली, “मास्तर, मग ती पूड मिळत कुठे होती?”

न्यूबेरीला हवा होता तो नेमका हाच प्रश्न. चेंडू मी त्याला आनंदाने माफ करीन. चेंडूचा व्यवहार उघड होता. आठ पेन्स द्या, चेंडू न्या. पण बापाचे मरण दाखवून मुलाच्या मनात पूड पेरायची, हे मला अजून गिळवत नाही. त्या पुडीत अँटिमनी हे विषारी द्रव्य होते.

तरीही माणूस वाईट म्हणवत नाही. कवी ऑलिव्हर गोल्डस्मिथला त्याने काम दिले, वेळोवेळी पैसे दिले. गोल्डस्मिथनेही ‘व्हिकार ऑफ वेकफील्ड’ या कादंबरीत, अडचणीतल्या पाद्र्याला उसने पैसे देणारा, सदा घाईत असलेला पुस्तकविक्रेता रंगवून ते ऋण फेडले. न्यूबेरी १७६७ साली वारला. १७७४ मध्ये गोल्डस्मिथ तापाने पडला तेव्हा त्याने वैद्यांचे न ऐकता तीच पूड हट्टाने घेतली, आणि त्या दुखण्यातून तो उठला नाही.

न्यूबेरीच्या नावाने अमेरिकेत १९२२ पासून बालसाहित्याचे पदक देतात. सेंट पॉलभोवतीचा पुस्तकबाजार २९ डिसेंबर १९४० च्या रात्री जर्मन बाँबनी जळाला. चेंडूच्या त्या पुस्तकाची १७४४ ची एकही प्रत उरलेली माहीत नाही. पण त्यासाठी बाँब लागले नाहीत. ते काम त्या काळच्या मुलांनी आपल्या हातांनीच केले असणार. पाने दुमडून, चित्रे रंगवून, आणि चेंडूच्या टाचण्या पुठ्ठ्यात खोचून!