खिशातील स्मृतीचे स्थलांतर : लहान कार्डाकडून मोठ्या कार्डाकडे

१/
मोबाइलमधील मेमरी कार्ड भरले की मोठे कार्ड आणावे आणि जुन्यातील सारे त्यात उतरवून घ्यावे, ही आज किरकोळ बाब वाटते. १९९७ साली मात्र हेच काम करण्यासाठी हातातील यंत्राची संपूर्ण स्मृती आधी पुसू द्यावी लागत असे. खिशातील यंत्रांमधल्या या स्थलांतराचा हा इतिहास. #थ्रेड

२/
पहिला टप्पा लंडनचा. डेव्हिड पॉटर यांनी १९८० मध्ये स्थापन केलेल्या सायऑन या ब्रिटिश कंपनीने १९८४ मध्ये ‘ऑर्गनायझर’ हे हातात मावणारे संगणकयंत्र बाजारात आणले. १९८६ मध्ये ‘ऑर्गनायझर २’ आले. नावे, पत्ते, दूरध्वनी क्रमांक आणि हिशेब साठवण्यासाठी त्यात काढता-घालता येणाऱ्या लहान डब्या बसवत. त्यांना ‘डेटापॅक’ म्हणत. त्यांची क्षमता किलोबाइटमध्ये मोजली जाई.

३/
डेटापॅकमध्ये ‘ईप्रॉम’ जातीची चिप असे. तिच्यावर एकदा लिहिलेले विजेच्या साहाय्याने पुसता येत नसे. एखादा पत्ता बदलला, तर नवा पत्ता पुढच्या रिकाम्या जागी लिहिला जाई आणि जुन्यावर केवळ ‘रद्द’ अशी खूण होई. रद्द नोंदीही जागा अडवूनच राहत. त्यामुळे वापर जितका अधिक, तितका पॅक लवकर भरे.

४/
यावरचा उपाय असा : ‘ऑर्गनायझर २’ मध्ये पॅकसाठी दोन खाचा होत्या. भरलेला पॅक एका खाचेत, नवा वा अधिक क्षमतेचा पॅक दुसरीत घालून चालू नोंदींची नक्कल करून घेतली जाई. मग जुना पॅक अतिनील किरणांच्या पेटीत ठेवला जाई. त्या किरणांनी चिपवरील सारा मजकूर एकदमच नाहीसा होई आणि पॅक पुन्हा वापरण्याजोगा होई.

५/
या कृतीत पुढच्या सर्व स्थलांतरांचे सूत्र दडलेले आहे. माहिती एका ठिकाणाहून उचलून दुसऱ्या ठिकाणी ठेवता येत नाही. तिची नक्कल होते आणि नंतर मूळ प्रत पुसली जाते. संगणकाच्या पडद्यावर या दोन क्रियांना मिळून ‘हलवणे’ असे एकच नाव मिळाले, तरी त्या दोनच आहेत. नक्कल पूर्ण आणि शुद्ध उतरली आहे की नाही, हे न पाहता मूळ पुसणे हा या इतिहासातील सर्वांत जुना धोका.

६/
अतिनील पेटीची गरज संपवणारे संशोधन त्याच काळात जपानमध्ये चालू होते. तोशिबा कंपनीतील अभियंते फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील परिषदेत नव्या प्रकारची स्मृती मांडली. वीज बंद झाली तरी तिच्यातील मजकूर टिकत असे आणि विजेनेच तो गटागटाने पुसता येत असे. पुसण्याची ही झटपट क्रिया पाहून शोजी आरिइझुमी या सहकाऱ्याला कॅमेऱ्याच्या फ्लॅशची आठवण झाली. ‘फ्लॅश’ हे नाव त्यातून रूढ झाले. १९८७ मध्ये ‘नँड’ हा तिचा प्रकार पुढे आला. आजची मेमरी कार्डे त्याच कुळातील.

७/
शोध लागला म्हणजे तो लगेच प्रत्येक खिशात पोहोचला, असे होत नाही. मार्च १९९६ मध्ये अमेरिकेत ‘पायलट’ हे हातयंत्र आले. १००० क्रमांकाच्या प्रतिमानात १२८ किलोबाइट आणि ५००० क्रमांकाच्या प्रतिमानात ५१२ किलोबाइट स्मृती होती. ही स्मृती फ्लॅश जातीची नव्हती. ती विजेवर जगणारी ‘रॅम’ होती. दोन बारीक सेल हा तिचा प्राण. सेल पूर्ण उतरले की पत्ते, भेटी, टिपणे सारे नाहीसे होई. सेल बदलताना जो अल्प अवधी जाई, तेवढ्यापुरता आधार एक लहानसा कपॅसिटर देई.

८/
१९९७ मध्ये ‘पामपायलट प्रोफेशनल’ आले. त्यात १ मेगाबाइट स्मृती होती. जुन्या पायलटधारकांसाठी तेवढ्याच क्षमतेचे कार्ड स्वतंत्रपणेही विकले जाई. पायलटच्या पाठीवरचे झाकण उघडून जुने कार्ड काढायचे आणि नवे बसवायचे. पण जुने कार्ड खाचेतून सुटले, त्याचा वीजपुरवठा तुटला, की त्यावरील प्रत्येक नोंद त्याच क्षणी नष्ट होई. दोन्ही कार्डे शेजारी ठेवून नक्कल करण्याची सोय तिथे नव्हती.

९/
मग स्थलांतर होई तरी कसे? संगणकाच्या मध्यस्थीने. पायलटसोबत एक लहान बैठक मिळे. तिच्यावर यंत्र ठेवून कळ दाबली की ‘हॉटसिंक’ सुरू होई आणि यंत्रातील नोंदींची प्रत संगणकावर तयार होई. त्यानंतरच झाकण उघडायचे. नवे कार्ड बसले की यंत्र जन्मतः कोरे असावे तसे जागे होई. मग पुन्हा हॉटसिंक करून संगणकावरील प्रत त्यात उतरवायची. मधल्या काळात साऱ्या नोंदींचा एकमेव आधार म्हणजे संगणकावरील ती प्रत.

१०/
यातही एक सापळा होता. दैनंदिनी, पत्ते, कामांची यादी आणि टिपणे या मूळ चार विभागांची देवघेव नियमितपणे होई. बाहेरून घेतलेल्या प्रोग्रामच्या माहितीची प्रत मात्र त्या माहितीवर ‘जतन करावे’ ही खूण असेल तरच काढली जाई. ती खूण ठेवणे प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या हाती. खूण नसेल, तर वापरकर्त्याने सर्व पायऱ्या पाळूनही तेवढा भाग हरवे. सर्व जतन झाले, असे वाटणे आणि सर्व जतन होणे यांतील हे अंतर ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

११/
दरम्यान, फ्लॅशवर आधारित कार्डांच्या क्षेत्रात सुभेदारी माजली. १९९४ मध्ये सॅनडिस्कने कॉम्पॅक्टफ्लॅश आणले. १९९५ मध्ये तोशिबाचे स्मार्टमीडिया, १९९७ मध्ये मल्टिमीडिया कार्ड, १९९८ मध्ये सोनीची मेमरी स्टिक. १९९९ मध्ये मात्सुशिता, सॅनडिस्क आणि तोशिबा यांनी एकत्र येऊन एसडी कार्ड जाहीर केले. प्रत्येकाचा आकार निराळा, खाच निराळी. एका सुभ्याचे कार्ड दुसऱ्या सुभ्यात चालत नसे.

१२/
वाढीची मर्यादाही प्रत्येकाच्या मूळ रचनेतच होती. स्मार्टमीडिया १२८ मेगाबाइटवर थांबले. मूळ मेमरी स्टिकचीही तीच गत झाली. पुढे एसडी सर्वांवर वरचढ ठरले. पामने २००१ मध्ये एम५०० या यंत्रात एसडीची खाच दिली आणि सेल उतरले तरी टिकणारी साठवण खिशात आली. एसडीचा मार्ग मोकळा दिसत होता, पण त्याच्या वाटेतही २ गिगाबाइटची भिंत उभी होती.

१३/
ही भिंत समजण्यासाठी वाड्याची कल्पना करावी. कार्ड हा वाडा, त्यातील साठवणीच्या जागा या खोल्या आणि प्रत्येक खोलीला एक क्रमांक. जुन्या कार्डांवरील ‘फॅट१६’ या नोंदपद्धतीत क्रमांकासाठी १६ बिट राखलेले. म्हणजे जास्तीत जास्त ६५,५३६ क्रमांक. एका खोलीचे सर्वमान्य कमाल आकारमान ३२ किलोबाइट. दोहोंचा गुणाकार बरोबर २ गिगाबाइट. वाडा याहून मोठा बांधला, तरी पुढच्या खोल्यांना देण्यास क्रमांकच उरत नव्हते.

१४/
शिवाय, कार्ड स्वतःची क्षमता यंत्राला ज्या रकान्यात सांगे, तो रकानाही मोठ्या आकड्यांना अपुरा होता. म्हणून २००६ मध्ये ‘एसडीएचसी’ हे नवे मानक आले. त्यात एकेका बाइटला पत्ता देण्याऐवजी ५१२ बाइटच्या गटाला एक पत्ता दिला गेला आणि मर्यादा ३२ गिगाबाइटपर्यंत वाढवली गेली. बाह्य आकार मात्र तोच राहिला. परिणामी ४ गिगाबाइटचे नवे कार्ड जुन्या यंत्राच्या खाचेत व्यवस्थित बसे, पण यंत्राला ते वाचता येत नसे. नव्या यंत्रांना मात्र जुनी कार्डे वाचता येत.

१५/
२००९ मध्ये ‘एसडीएक्ससी’ आले. त्याची कमाल मर्यादा २ टेराबाइट. हा आकडाही हवेतून आलेला नाही. ३२ बिटांचे पत्ते आणि प्रत्येक पत्त्याला ५१२ बाइट, यांचा गुणाकार तेवढाच होतो. क्षमतेची प्रत्येक भिंत ही अशी पूर्वी घेतलेल्या निर्णयाची सावली असते. आरंभीच्या रचनाकारांना जो आकडा कधी पुरा न होणारा वाटला, तो काही वर्षांत अपुरा ठरला.

१६/
२००५ पासून नखाएवढे मायक्रोएसडी कार्ड मोबाइलमध्ये रुळले. स्वस्त आणि वेगवान इंटरनेट हाती येण्यापूर्वी महाराष्ट्राच्या बाजारगावांतही रिचार्जच्या दुकानांत कार्डात गाणी ‘भरून’ मिळत. भावगीते, लावण्या, भजने, चित्रपट अशा रीतीने संगणकावरून कार्डात आणि कार्डाकार्डांतून फिरले. त्याच कार्डांवर घरातील लग्नांची छायाचित्रे आणि आजी-आजोबांचे आवाजही साठले. विकत भरलेले गाणे दुसऱ्या कोणाकडे सापडेल. आजीच्या आवाजाची मात्र बहुधा तीच एक प्रत.

१७/
स्थलांतरातील सापळे आजही संपलेले नाहीत. अँड्रॉइड ६.० (२०१५) पासून कार्डाला फोनच्या अंतर्गत स्मृतीचाच भाग बनवण्याची सोय आली. अशा कार्डावरील मजकूर कूटबद्ध होतो आणि त्याची किल्ली त्या फोनमध्येच राहते. ते कार्ड संगणकाला जोडून फायली उतरवता येत नाहीत. कार्ड काढण्यापूर्वी फोनच्या सेटिंगमधूनच माहिती हलवावी लागते. फोन बिघडला, तर धडधाकट कार्डही मुके होते.

१८/
दुसरा सापळा बनावट कार्डांचा. अल्प क्षमतेचे कार्ड स्वतःला मोठे म्हणवते. नक्कल विनातक्रार पूर्ण होते, फायलींची नावे दिसतात, पण खऱ्या क्षमतेपलीकडचा मजकूर उतरलेलाच नसतो किंवा आधीच्या मजकुरावर लिहिला गेलेला असतो. तिसरा धोका काळाचा. फ्लॅशमध्ये माहिती म्हणजे अडवून ठेवलेला विद्युतभार. तो वर्षानुवर्षे हळूहळू पाझरतो. कपाटात पडून असलेले कार्ड म्हणजे शिलालेख नव्हे.

१९/
इतिहासाच्या अभ्यासकाला हे सारे अपरिचित वाटू नये. पोथी जीर्ण झाली की तिची नक्कल होई आणि नकलेत अपपाठ शिरत. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत असे पाठ शिरले, म्हणून संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ मध्ये, शुद्ध प्रत सिद्ध केली. ग्रंथ टिकला तो नकलांमुळे, आणि त्याचा पाठ शुद्ध झाला तो पडताळणीमुळे.

२०/
म्हणून जुन्या कार्डाकडून मोठ्या कार्डाकडे जाताना क्रम हाच असावा : यंत्राला ते नवे कार्ड वाचता येते का, हे आधी पाहणे. जुन्यातील सर्व फायलींची प्रत संगणकावर घेणे. नवे कार्ड काठोकाठ भरून त्याची खरी क्षमता तपासणे. ती प्रत त्यात उतरवणे. फायलींची संख्या आणि एकूण आकारमान जुळवणे. काही छायाचित्रे आणि ध्वनिमुद्रणे प्रत्यक्ष उघडून पाहणे. आणि हे सारे होईपर्यंत जुने कार्ड न पुसता बाजूला ठेवणे. १९८६ मध्येही अतिनील पेटीचे झाकण सर्वांत शेवटीच उघडायचे असे.

#इतिहास #मराठी