दिनविशेष, 9 ऑगस्ट : हितेंद्र देसाई

सुरतेचे वकील आणि गुजरातचे माजी मुख्यमंत्री हितेंद्र कनैयालाल देसाई यांचा जन्म 9 ऑगस्ट 1915 रोजी झाला. वडील गुजरात काँग्रेसचे नेते; त्यामुळे राजकारण घरातच होते. स्वातंत्र्यलढ्यात त्यांनी तुरुंगवास भोगला. द्वैभाषिक मुंबई राज्यात यशवंतराव चव्हाणांच्या मंत्रिमंडळात ते मंत्री होते. 1 मे 1960 रोजी गुजरात वेगळे राज्य झाल्यानंतर ते तिथल्या राजकारणात स्थिरावले.

19 सप्टेंबर 1965 रोजी, भारत-पाक युद्धाच्या काळात, मुख्यमंत्री बळवंतराय मेहता यांचे विमान कच्छमध्ये पाकिस्तानी लढाऊ विमानाने पाडले आणि त्यात मेहतांचा मृत्यू झाला. त्या कठीण घडीला राज्याची धुरा देसाईंकडे आली. 1967 मध्ये अनेक राज्ये काँग्रेसच्या हातून गेली. गुजरातेत मात्र स्वतंत्र पक्षाचे कडवे आव्हान परतवून त्यांनी सत्ता राखली. 1969 ची अहमदाबादची भीषण दंगल हा त्यांच्या कारकिर्दीवरचा डाग ठरला. त्याच वर्षी पक्ष फुटला, तेव्हा ते मोरारजी देसाईंसोबत संघटना काँग्रेसमध्ये राहिले. मात्र आमदारांची गळती थांबेना. अखेर मे 1971 मध्ये त्यांचे सरकार गेले आणि राष्ट्रपती राजवट आली. 12 सप्टेंबर 1993 रोजी त्यांचे निधन झाले.