उमेदवाराच्या खर्चाला मर्यादा, पक्षाच्या का नाही?
अमरावतीच्या राजापेठ चौकात प्रचारसभा झाली, तर खर्च कुणाच्या नावावर? महाराष्ट्रात लोकसभा उमेदवाराला ९५ लाख, तर विधानसभा उमेदवाराला ४० लाख रुपयांची मर्यादा आहे. उमेदवार मंचावर असेल किंवा त्याचा फोटो लागला, तर सभेचा खर्च त्याच्या हिशेबात धरतात. फक्त पक्षाचा प्रचार झाला, तर खर्च पक्षाचा; आणि पक्षाला मर्यादाच नाही.

उमेदवारासाठी पक्षाने केलेला खर्चही मोजावा, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये कंवरलाल गुप्ता खटल्यात दिला. त्याच वर्षी सरकारने कायदा बदलून तो निष्प्रभ केला. २००३ मध्ये ही सूट कमी झाली. पक्षाच्या सर्वसाधारण प्रचाराला मात्र आजही मर्यादा नाही.

उमेदवाराला निकालानंतर ३० दिवसांत जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे हिशेब द्यावा लागतो. तो कुणीही पाहू शकतं.