कूर्चारोपणाचे प्रणेते डॉ. लार्स पीटरसन

स्वीडनमधील अस्थिशल्यविशारद डॉ. लार्स पीटरसन हे रुग्णाच्याच पेशींपासून गुडघ्यातील कूर्चेची दुरुस्ती करणाऱ्या उपचारपद्धतीचे प्रणेते मानले जातात. गोथेनबर्ग हे त्यांचे प्रमुख कार्यक्षेत्र होय. क्रीडावैद्यक हाही त्यांच्या अभ्यासाचा विषय असून, खेळाडूंच्या दुखापतींवरील त्यांचा पेर रेन्स्ट्रॉम यांच्यासमवेत लिहिलेला ग्रंथ प्रसिद्ध आहे.

सांध्यातील हाडांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत आवरण असते. त्यात रक्तवाहिन्या नसल्याने झालेली इजा आपोआप भरून येत नाही. लंडनचे शल्यविशारद विल्यम हंटर यांनी 1743 सालीच ही बाब नोंदवली होती. अशी इजा वाढत गेल्यास पुढे संधिवात जडण्याचा धोका असतो.

1980 च्या दशकात डॉ. पीटरसन यांनी न्यूयॉर्क येथील सहकाऱ्यांसमवेत सशांवर प्रयोग केले. त्यानंतर 1987 साली गोथेनबर्ग येथे प्रथमच मानवी रुग्णावर ही शस्त्रक्रिया करण्यात आली. या पद्धतीत दुर्बिणीच्या साहाय्याने निरोगी कूर्चेचा लहानसा तुकडा काढला जातो. त्यातील पेशींची प्रयोगशाळेत काही आठवडे वाढ करण्यात येते. दुसऱ्या शस्त्रक्रियेत या पेशी इजा झालेल्या जागी सोडल्या जातात. प्रारंभी ती जागा नडगीच्या हाडावरील पातळ आवरणाने झाकली जात असे.

पहिल्या 23 रुग्णांचे निष्कर्ष 1994 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला इजा झालेल्या 16 पैकी 14 रुग्णांना चांगला लाभ झाला. गुडघ्याच्या वाटीला इजा झालेल्या सात रुग्णांपैकी मात्र केवळ दोघांनाच तसा गुण आला. अपयशाची ही आकडेवारीही शोधनिबंधात स्पष्टपणे देण्यात आली होती.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 1997 साली या तंत्रावर आधारित ‘कार्टिसेल’ला मान्यता दिली. तथापि, नॉर्वेमध्ये 80 रुग्णांवर झालेल्या आणि 2004 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, हाडाला सूक्ष्म छिद्रे पाडण्याच्या साध्या व अल्पखर्चिक पद्धतीपेक्षा हे तंत्र दोन वर्षांनंतर सरस ठरले नाही. 2016 साली अमेरिकेने पेशी पातळ पडद्यावर वाढवण्याच्या सुधारित पद्धतीस मंजुरी दिली.

भारतात 2022 साली औषध महानियंत्रकांनी गुडघ्याच्या संधिवातासाठी बंगळुरूच्या स्टेमप्युटिक्स कंपनीच्या ‘स्टेमप्युसेल’ या दात्यांच्या मूलपेशींपासून बनवलेल्या औषधास मान्यता दिली. हे औषध डॉ. पीटरसन यांच्या पद्धतीहून भिन्न आहे.

डॉ. पीटरसन यांची पद्धत मर्यादित जागेच्या इजेसाठी आहे. संपूर्ण सांधा झिजलेल्या उतारवयातील रुग्णांसाठी ती नाही. ‘पेशी उपचार’ या नावाखाली होणाऱ्या जाहिरातींत हा भेद अनेकदा पुसला जातो. त्यामुळे उपचार कोणत्या अवस्थेसाठी मंजूर आहे, याची रुग्णांनी आधी खातरजमा करणे हिताचे ठरते.